पलीकडच्या खोलीतला श्वास

८ जानेवारी, बुधवार

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळी डोकं दुखतं ते रोज लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी दाखवा. म्हणून ही वही. आज डोकं दुखलं. कपाळावर कुणीतरी ओल्या कापडाचा तागा ठेवल्यासारखं. दहापर्यंत उतरलं.

एवढंच लिहायचं होतं. पण वही नवी आहे, आणि सांगावं असं घरात कोणी नाही, म्हणून पुढचंही लिहिते. डॉक्टरांना दाखवताना हे पान फाडून ठेवीन.

काल रात्री हे पुन्हा घोरले.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले.

मी काही वेडी नाही. एकतीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे, वर आखलेला कागद पसरायचा आणि रेघेवरून मशीनचं पातं न्यायचं. हात जरासा हलला तर साठ शर्टांचे गळे वाया जातात. अशा कामावर वेडी माणसं टिकत नाहीत. तेव्हा जे ऐकलं तेच लिहिते आहे. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते, आवाज आतून येतो. जाग येते तेव्हा घोरण्याचं शेपूट तेवढं कानात असतं, आणि मग चिडीचूप. उठून आत जाऊन बघितलं. पलंग रिकामा. चादर मी घातली तशीच, एक सुरकुती नाही.

११ जानेवारी

डोकं दुखलं. काल रात्री दोनदा.

दुसऱ्या कुणाचं घोरणं असतं तर मी म्हटलं असतं, भिंतीपलीकडून येत असेल. पण ह्यांचं मी हजारांत ओळखेन. आधी कुणी तीन पायऱ्या चढावा तसं, प्रत्येक पायरी वरच्या पट्टीत. मग एकदम बंद. आणि मग लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा एक मोठा घर्र. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी घाबरून उठून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "सवय होईल." सवय कुठली होतेय. शेवटची सहा वर्षं मी दिवाणावर काढली. माझी पाळी सातची, साडेपाचला उठायचं, तेव्हा आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि झोपायचं. हे चेष्टेने म्हणायचे, "बायकोने घटस्फोट दिला, कागद तेवढे बाकी आहेत."

त्या सकाळी चहा ठेवून मी हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा आत गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, पुण्यवान माणूस, असं मरण मागून मिळत नाही.

आता आवाजाने जाग आली की मी दाराशी जाऊन उभी राहते. छाती धडधडत असते, चार जिने धावत चढल्यासारखा श्वास लागलेला असतो, जीभ टाळूला चिकटलेली असते. भूत बघितलं की माणसाचं असंच होत असणार.

१५ जानेवारी

आज एक साक्षीदार मिळाला!

आमच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात. भूगोल शिकवायचे. संध्याकाळी कामावरून येताना ते इमारतीच्या दाराशी भेटले. दोनदा खाकरले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुमच्याकडे कोणी राहायला आलंय का?"

"नाही. का?"

"नाही, म्हणजे... रात्री घोरण्याचा आवाज येतो. तुमच्या घरात कोणी असावं की नसावं हा तुमचा प्रश्न. माझं काही म्हणणं नाही. पण छत हादरतं हो."

मी विचारलं, "पुरुषाचा आवाज?"

"आता घोरणं काय बायकांचं असतं?" मास्तर म्हणाले. "अगदी तुमच्या साहेबांसारखं..." आणि एकदम जीभ चावून गप्प झाले. बिचारे लाल झाले होते. त्यांना वाटलं, आपण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना काय माहीत मला किती बरं वाटलं ते. म्हणजे मला एकटीलाच ऐकू येत नाही.

जिना आनंदात चढले. आनंदात, पण तीनदा थांबून. हल्ली ह्या पायऱ्या कुणी वाढवल्यात की काय कोण जाणे. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत नखं निळसर दिसत होती. कापडाचा रंग लागला असेल.

१९ जानेवारी, रविवार

मुलगा आला होता. तो लांब पल्ल्याची बस चालवतो, बेचाळीस माणसं घेऊन जातो आणि बेचाळीस घेऊन येतो, असं त्याचे वडील सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. आज सून आणि नात चिमणी आल्या नव्हत्या, एकटाच आला. मी ठरवलं होतं, आज सांगायचं. बाबा येतात म्हणून.

चहा दिला, समोर बसले, म्हटलं, "तुझ्याशी जरा बोलायचंय." तो म्हणाला, "बोल ना." मी सुरुवात कुठून करावी म्हणून खिडकीकडे बघितलं, परत वळले तर हा झोपलेला! हातात कप, हनुवटी छातीवर, तोंड उघडं. वाक्य बोलून व्हायच्या आत. कप मी काढून घेतला तरी कळलं नाही. अर्धा तास बसून बघत राहिले. बापासारखीच आखूड जाड मान. मग धडपडून जागा झाला आणि म्हणाला, "झोपलो नव्हतो ग, नुसते डोळे मिटले होते."

मला लागलं. दोन आठवड्यांनी आईकडे येतो आणि आईचं बोलणं एवढं कंटाळवाणं वाटतं. सांगितलं नाही. तो गेल्यावर कप विसळताना रडू आलं आणि मग रडतानाही दम लागला, म्हणून रडणं सोडून दिलं.

२२ जानेवारी

बसमध्ये झोप लागली आणि चार थांबे पुढे गेले. उलट येईपर्यंत सव्वासात. लांबी म्हणाली, "तू आणि उशिरा?"

लांबी म्हणजे माझ्या टेबलावर थर पसरणारी. उंच आहे, टेबलाच्या मधल्या रेघेपर्यंत तिचाच हात पोहोचतो, म्हणून लांबी. बावीस वर्षं आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या आहोत. नवऱ्यापेक्षा जास्त मी तिचं तोंड बघितलंय. आज म्हणाली, "एक सांगू? तू कापताना श्वास घेत नाहीस."

म्हटलं, "श्वास न घेता मी जिवंत कशी?"

"तेच तर बघते मी रोज."

२९ जानेवारी

माझ्या हातून लांबीचं बोट कापलं गेलं.

नीट लिहायचा प्रयत्न करते. दवाखान्याच्या कोटांचं काम होतं, पांढरं जाड कापड, सत्तर थर. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास. मी पातं बाहीच्या वळणावर आणलं होतं, एवढं आठवतं. लांबी पलीकडून कापडाची कड दाबून धरत होती. माझ्या डाव्या हातात बारीक लोखंडी कड्यांचा हातमोजा असतो, तिच्या हातात नसतो, तिला पात्याजवळ यायचं कारणच नसतं. पुढचं आठवत नाही. आठवतं ते हे, की मला ह्यांचं घोरणं ऐकू आलं. दिवसाढवळ्या, मशीनच्या आवाजातून. आणि लगेच लांबीची किंकाळी.

पातं रेघ सोडून वीतभर पलीकडे गेलं होतं. पांढऱ्या कापडावर लाल. मशीन लांबीनेच बंद केलं, दुसऱ्या हाताने.

तर्जनीच्या टोकाला चार टाके. बोट वाचलं. डॉक्टर म्हणाले, पातं नखाएवढं आणखी आत गेलं असतं तर पेर गेलं असतं.

३० जानेवारी

रात्रभर दिवाणावर बसून होते. म्हटलं, झोपायचंच नाही. तरी बसल्या बसल्या पाच-सहादा आवाज आला.

सकाळी सुपरवायझरने दोघींना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत लांबी म्हणाली, "माझीच चूक, साहेब. सुरकुती काढायला हात पुढे घातला." त्याने लिहून घेतलं आणि जा म्हणाला.

बाहेर आल्यावर ती मला पायऱ्यांच्या कोपऱ्यात घेऊन गेली. बोट एवढं मोठं बांधलेलं.

"तू झोपली होतीस," ती म्हणाली. "उभ्या उभ्या. मशीन चालू ठेवून. आणि घोरलीस."

"मी नाही. ते..." म्हणून मी थांबले. पहिल्यांदाच कुणालातरी सांगितलं. चौदा महिने, आतली खोली, मास्तर, सगळं. लांबीने ऐकून घेतलं. हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याशी माझं भांडण नाही. त्यांना यायचं तर येऊ देत. पण तू झोपेच्या डॉक्टरकडे जायचं. ह्याच आठवड्यात. नाहीतर मी वर जाऊन खरं काय ते सांगते, आणि मग तुझ्या हातात पातं कोणी देणार नाही."

"लांबे, तू असं करशील?"

"बोट माझं आहे," ती म्हणाली.

६ फेब्रुवारी

झोपेची डॉक्टर म्हणजे माझ्या सुनेच्या वयाची मुलगी. मला काकू म्हणते. मानेभोवती टेप धरली तेव्हा मला हसू आलं, कॉलरचं माप घेतेय असं वाटलं. बोटाला चिमटा लावला आणि आकड्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, जागेपणीसुद्धा तुम्ही पुरता श्वास घेत नाही. वरवरचा घेता. शरीरातली वाईट हवा बाहेरच पडत नाही. सकाळचं डोकं त्यानेच दुखतं."

"माझी मैत्रीण पण हेच म्हणते."

"घरी कोणी सांगितलं नाही, तुम्ही घोरता म्हणून?"

"घरी मी एकटीच असते. आणि मी नाही घोरत. घोरायचे ते हे."

तिने मान हलवली, लिहून घेतलं. बायका घोरतात हे बायकाच कबूल करत नाहीत, म्हणाली, त्यामुळे फार उशिरा कळतं. एक रात्र तिथे झोपायचंय. डोक्याला तारा लावून. पुढच्या आठवड्यात. तोवर कापायला उभं राहायचं नाही असं बजावलंय. सुपरवायझरला दम्याचं कारण सांगितलं. लांबीच्या शेजारी उभी राहून थर पसरते आहे. माझे हात मधल्या रेघेपर्यंत पोहोचत नाहीत.

एक गोष्ट डॉक्टरला विचारायची राहिली. तारा लावल्या आणि औषध दिलं की हे यायचे बंद होतील का?

१४ फेब्रुवारी

काल रात्री तिथे झोपले. डोक्याला, गालांना, पायांना डिंकाने तारा चिकटवल्या. कठपुतळीसारखी दिसत होते. अनोळखी खोली, अनोळखी उशी. म्हटलं, इथे तर ते येणार नाहीत, त्यांना पत्ता कुठे माहीत. पण आले. दोनदा जाग आली, दोन्ही वेळा तोच आवाज. मला इतकं भरून आलं. माझ्यामागे एवढ्या लांब आले.

दुपारी डॉक्टरने बोलावलं. म्हणाली, "बघायचं की नुसतं सांगू?" मी म्हटलं, बघते.

पडद्यावर करडं चित्र. पलंगावर एक जाडजूड बाई उताणी झोपलेली. डोक्याला तारा. मग आवाज लावला. तीन पायऱ्या. एक, दोन, तीन. मग बंद.

मी ताडकन उठले. "हेच! हेच ते! हे ह्यांचं आहे. तुम्हाला पण सापडलं!"

"काकू," ती हळूच म्हणाली, "खोलीत तुम्ही एकट्या होतात. तोंडाकडे बघा."

पडद्यावरच्या बाईचं तोंड उघडं होतं आणि पोट खालीवर होत होतं, पण आवाज नव्हता. हवा आत जात नव्हती. खाली कोपऱ्यात सेकंद पळत होते. वीस. तीस. चाळीस. मी इकडे खुर्चीत तिच्यासाठी श्वास घ्यायला लागले. बावन्नला तिची मान झटक्याने वर आली आणि कपाट ओढल्याचा घर्र झाला. माझ्या तोंडातून.

डॉक्टर पुष्कळ समजावत होती. झोपेत घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. तासाला सत्तेचाळीस वेळा. दर वेळी मेंदू धक्का देऊन उठवतो, म्हणून धडधड, म्हणून कोरड. माझं अर्धं लक्ष नव्हतं.

"ह्यांचं पण अगदी असंच होतं," मी म्हटलं. "बंद व्हायचं आणि मग घर्र."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना कधी तपासलं होतं का?"

"घोरण्यासाठी कोण तपासतं?"

१५ फेब्रुवारी

आता लिहायलाच हवं.

हे गेले त्या रात्री मला जाग आली होती. दाराआडून घोरणं चालू होतं. नेहमीपेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी पाळीवर मोठी ऑर्डर होती आणि मी मनात म्हटलं, आता पुरे करा हो एकदाचं. तीन पायऱ्या झाल्या, बंद झालं. मी घर्र यायची वाट बघत पडले. आला नाही. मी म्हटलं, सुटले. कूस बदलली. किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली होती.

पंधरा महिने लोक मला सांगत होते, पुण्यवान माणूस. मी मान हलवत होते. दहा पावलांवर होते मी. कूस बदलली तेवढ्या वेळात उठून हलवलं असतं तरी झालं असतं. मला वाटत होतं, हे मला काहीतरी सांगायला येतात. येत कोणी नव्हतं. ते फक्त गेलेच आहेत.

आज डोकं दुखलं की नाही, लक्षात नाही.

२१ फेब्रुवारी

तीन दिवसांपूर्वी यंत्र आलं. चपलांच्या खोक्याएवढं. त्याला नळी, नळीला मुखवटा. तो नाकातोंडावर बांधायचा आणि झोपायचं. यंत्र हवा ढकलत राहतं, घशाच्या भिंती चिकटू देत नाही. पहिल्या रात्री गुदमरले, दुसऱ्या रात्री काढून फेकला. तिसऱ्या रात्री झोप लागली ती थेट गजरालाच मोडली.

उठले तर डोकं नव्हतं. म्हणजे होतं, पण दुखत नव्हतं, त्यामुळे आहे असं वाटेना. जिना एकदाच थांबून चढले. नखं गुलाबी. मास्तर म्हणाले, "पाहुणे गेले वाटतं." मी म्हटलं, "गेले."

घर इतकं शांत झालंय की नळाचा थेंब ऐकू येतो.

२७ फेब्रुवारी

मूर्खपणा केला, तो पण लिहिते. काल मुद्दाम मुखवटा न लावता झोपले. दिवाणावर नाही, आत, पलंगाच्या त्यांच्या बाजूला. म्हटलं, एकदाच ऐकते.

ऐकलं. जाग आली तेव्हा शेपूट कानात होतं. पण आता मला माहीत होतं ते कुणाचं आहे. एखाद्याच्या पत्राची वाट बघावी आणि पाकिटावर अक्षर आपलंच निघावं, तसं झालं. घाम पुसला, मुखवटा बांधला. आता रोज लावीन.

२ मार्च, रविवार

मुलगा आला होता. चहा दिला. मी यंत्राबद्दल सांगत होते आणि त्याचे डोळे मिटले.

ह्या वेळी मला राग आला नाही. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मान खाली, तोंड उघडं. आधी हलकं घोरणं. एक, दोन, तीन. आणि बंद. शर्टाचं पोटावरचं बटण खालीवर होत होतं, आवाज नव्हता. मी दोन्ही हातांनी त्याला गदागदा हलवलं.

"अग काय! काय झालं?"

"तुझा श्वास थांबला होता."

"आई, तुला आता सगळीकडे तेच दिसणार," तो हसला. "परवाच रात्रभर गाडी चालवून आलोय. दमतो माणूस."

"गाडी चालवताना डोळे मिटतात का रे?"

तो हसायचा थांबला. मग आवाज चढला. "हे बघ, हे कुठे बोलू नकोस. डेपोत कळलं की पहिल्यांदा गाडी काढून घेतात, मग विचारतात. घर कशावर चालतं माहीत आहे ना?" उठलाच. दाराशी वळून म्हणाला, "बाबा आयुष्यभर घोरले. काय झालं त्यांना?"



४ मार्च

कामावरून परस्पर सुनेच्या दुकानात गेले. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचं माझं वैर नाही, पण जवळीकही नाही. ती मला अहो-जाहो करते आणि मी तिच्या घरी फोन केल्याशिवाय जात नाही. मला बघून घाबरली. म्हटलं, "पाच मिनिटं बाहेर ये."

फुटपाथवर उभं राहून विचारलं, "तो झोपेत घोरतो का?"

"घोरतात ना. म्हणून तर मी हल्ली चिमणीच्या खोलीत झोपते, आई. तिची सकाळची शाळा, माझं दुकान. दार लावून घेतलं की ऐकू येत नाही."

माझा तोल गेला असणार, कारण तिने माझा दंड धरला. "आई, बसा. पाणी आणू?"

"पाणी नको. ऐक. आज त्याच्याजवळ झोप. झोपू नकोस, जागी राहा. घोरणं बंद झालं की बरं वाटतं ना? तेव्हा बरं वाटून घेऊ नकोस. मोज."

"काय मोजू?"

"आकडे. परत सुरू होईपर्यंत."

ती माझ्याकडे बघत राहिली. हुशार पोर आहे. बाकीचं मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, पण दंड सोडला नाही.

५ मार्च

सहा वाजता सुनेचा फोन. आवाज बसला होता.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "एकदा चव्वेचाळीस. मी हलवलं त्यांना. मला राहवलं नाही. फोनवर आवाज भरून ठेवलाय. आई, ते आज गाडी घेऊन निघतायत, दहाची. माझं ऐकत नाहीयेत."

मी कामावर गेले नाही. डेपोत गेले. चालकांच्या बाकावर तो डबा घेऊन बसला होता. मला बघून उभा राहिला. आजूबाजूला त्याचे सोबती होते, म्हणून बाजूला चल म्हटलं. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये, डिझेलच्या वासात, मी त्याला सांगितलं. रविवारी त्याने विचारलं होतं ना, बाबांना काय झालं. ते सांगितलं. कूस बदलली तेसुद्धा. बरं वाटलं तेसुद्धा.

तो माझ्याकडे बघत नव्हता. टायरकडे बघत होता. "तू जागी होतीस?" एवढंच म्हणाला.

"हो."

"इतके महिने तू मला हे सांगितलं नाहीस."

"नाही."

तो निघून गेला. मी तिथेच उभी. मला वाटलं, नवरा गेला तेव्हा मी एकटी झाले नव्हते, आत्ता झाले. दहाची गाडी फलाटाला लागली. चालकाच्या जागेवर दुसराच माणूस चढला. ऑफिसच्या काचेतून मुलगा दिसला, कसल्यातरी कागदावर सही करत होता. बाहेर आला आणि माझ्या शेजारून निघून गेला.

११ मार्च

सहा दिवस त्याचा फोन नाही. सून सांगते, घरीच असतात, गप्प असतात. त्याने स्वतःच सांगितल्यावर डेपोने तपासणी होईपर्यंत गाडी काढून घेतली आहे. त्याच दवाखान्यात उद्याची रात्र मिळाली आहे. चिमणीला ताप आहे, त्यामुळे सोबत कोण जाणार प्रश्न आहे.

लांबीच्या बोटाची जखम भरली. टोक बधिर आहे म्हणते. कापडाचा पोत त्या बोटाला आता कळत नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "नऊ आहेत अजून."

त्याच्यासोबत मलाच जायला हवं. हाकलून दिलं तर परत येईन.

१३ मार्च

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटला. हातात लहान बॅग. "तू कशाला आलीस," म्हणाला, पण बॅग मी घेतली तेव्हा सोडली.

त्याला तारा लावून आत झोपवलं. तिथली बाई मला म्हणाली, "काकू, घरी जा. आम्ही आहोत की रात्रभर पडद्यासमोर." म्हटलं, बसते. माझं यंत्र घरी होतं, त्यामुळे मला झोपून चालणारच नव्हतं. दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची होती. दार पातळ. सगळं ऐकू येत होतं.

श्वास किती वेळा थांबला ते सांगत नाही. दर वेळी उठून दाराच्या मुठीवर हात ठेवला. दर वेळी परत सुरू झाला. एकदा फार लांबलं, तेव्हा मी दार उघडलंच. पडद्यासमोरच्या बाईने मला थांब म्हणून हात केला, आणि तेवढ्यात घर्र आला. मग तिनेच माझी खुर्ची आत घेतली.

सहाला त्याला उठवलं. केसांत डिंकाचे गोळे, गालावर तारांचे वळ. खुर्चीवर मला बघून थांबला.

"तू इथेच होतीस?"

"हो."

"झोपली नाहीस?"

"नाही."

बराच वेळ तो बुटांच्या नाड्या बांधत बसला. दोनच नाड्या, पण वेळ लावला. मग माझ्या हातातली बॅग घेतली.

बसला सकाळची गर्दी नव्हती. त्याने मला खिडकीशी बसवलं, स्वतः बाहेरच्या बाजूला बसला. चालक ओळखीचा होता, हात केला, ह्यानेही केला. दोन थांबे गेले. मग रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, "आता तू झोप, आई. मी जागा आहे."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. उतरायचा थांबा आला तेव्हा त्याने हलवलं. वाटेत घोरले का, श्वास थांबला का, त्याने मला किती वेळा हलवलं, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पण माझी बाही दंडापाशी चुरगळलेली होती, पूर्ण वेळ कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखी.